रोल धुवायला विलायतेला: सावेदादा, तोरणे आणि फाळक्यांची अंधारखोली

मुगभाटकर (धागाकर्ता)

गिरगावातल्या सरदार वल्लभभाई पटेल मार्गावरून, म्हणजे जुन्या सँडहर्स्ट रोडवरून, माझे चाळीस वर्षे जाणेयेणे आहे. याच रस्त्यावरच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफ या चित्रगृहात ३ मे १९१३ रोजी दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ हा मूकपट लोकांसमोर आला. त्या दिवसाविषयी आपण बहुतेकांनी शाळेपासून वाचले आहे. पण या विषयावर जेव्हा जेव्हा चर्चा होते, तेव्हा ती ‘भारतीय चित्रपट काढणारा पहिला कोण’ या एकाच प्रश्नापाशी येऊन थांबते आणि सावेदादा, तोरणे व फाळके यांच्या बाजूने तट पडतात. मला त्या वादात शिरायचे नाही. मला एक साधा प्रश्न विचारायचा आहे: यांपैकी प्रत्येकाने आपली फिल्म धुतली, म्हणजे रसायनांत बुडवून तिच्यावरचे चित्र उमटवले, ते कुठे?

प्रथम सावेदादा. ७ जुलै १८९६ रोजी काळा घोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या माणसाने हलत्या चित्रांचा खेळ केला. एक रुपया तिकीट होते आणि समोर बसलेला वर्ग मुख्यतः युरोपीय होता. पुढे हे खेळ नॉव्हेल्टी थिएटरमध्ये चार आण्यांपासून तिकीट लावून होऊ लागले. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, व्यवसायाने छायाचित्रकार होते. त्यांनी इंग्लंडमधील ब्रॅडफर्डच्या रायली ब्रदर्सकडून २१ गिनी मोजून चित्रीकरणाचा कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमध्ये पुंडलीकदादा व कृष्णा न्हावी या दोन पैलवानांची कुस्ती चित्रित केली. कुस्ती मुंबईची, पैलवान इथले, कॅमेऱ्यामागचा माणूसही इथला. फिल्म मात्र धुवायला लंडनला गेली. बोटीने जायला व यायला लागणारे आठवडे डोळ्यांसमोर आणावेत. आपण काय टिपले आहे, उजेड पुरला की नाही, पैलवान चौकटीबाहेर तर गेले नाहीत, यांपैकी काहीही त्या माणसाला डबा परत येईपर्यंत कळणार नव्हते. डिसेंबर १९०१ मध्ये केंब्रिजहून सीनियर रँग्लर (गणिताच्या परीक्षेत पहिला) होऊन परतलेल्या र. पु. परांजपे यांच्या मुंबईतील स्वागताचे चित्रणही सावेदादांनीच केले. आपल्या माणसाच्या गौरवाची बातमी आपल्याच माणसाने चित्रात पकडण्याचा तो प्रसंग मला फार मोलाचा वाटतो.

नंतर दादासाहेब तोरणे. त्यांचा ‘पुंडलीक’ १८ मे १९१२ रोजी, फाळक्यांच्या चित्रपटाच्या जवळजवळ वर्षभर आधी, त्याच कोरोनेशनमध्ये दाखवला गेला. तो श्रीपाद संगीत मंडळीच्या नाटकावर आधारलेला होता, कॅमेरा जॉन्सन नावाच्या इंग्रज माणसाने चालवला आणि फिल्म पुन्हा लंडनलाच धुतली गेली.

आणि मग धुंडिराज गोविंद फाळके. त्यांचे आयुष्य पाहिले की मला वाटते, हा माणूस जन्मभर एका अंधाऱ्या खोलीच्या दिशेनेच चालत होता. ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरला जन्म, वडील संस्कृतचे शास्त्री, घराला पौरोहित्याची परंपरा. १८८५ मध्ये मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत प्रवेश, त्यानंतर बडोद्याचे कलाभवन, आणि तिथे चित्रकलेबरोबर छायाचित्रण व छपाईची तंत्रे. गोध्र्यात त्यांनी छायाचित्रणाचा धंदा मांडला आणि प्लेगच्या साथीत पहिली पत्नी व मूल गमावले. पुढे सरकारी पुरातत्त्व खात्यात चित्रकार-छायाचित्रकाराची नोकरी केली आणि वंगभंगाच्या चळवळीच्या काळात ती सोडली. लोणावळ्याला राजा रविवर्म्याच्या छापखान्याशी संबंध आला, मग दादरला स्वतःचा छापखाना उभा केला, १९०९ मध्ये रंगीत छपाईची यंत्रे व तंत्र पाहण्यासाठी जर्मनीची वारी केली, आणि अखेर भागीदारांशी मतभेद होऊन ते रिकाम्या हातांनी बाहेर पडले. वरवर पाहता ही एका अस्थिर माणसाची धरसोड वाटते. पण काच, कागद किंवा दगड यांच्यावर रसायनाने चित्र उमटवणे हे एकच काम या साऱ्या धंद्यांमध्ये आहे, आणि ते त्यांनी वीस वर्षे शिकून घेतले.

गिरगावातील एका तंबूवजा चित्रगृहात ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहताना आपल्या मनासमोर कृष्ण, राम, गोकुळ आणि अयोध्या उभी राहिली, असे त्यांनी स्वतः १९१७ मध्ये ‘नवयुग’ मासिकात लिहिले आहे. हा प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. त्यानंतर त्यांनी काय केले, तिकडे मात्र आपले लक्ष कमी जाते. त्यांनी कथा लिहायला घेतली नाही किंवा नटही शोधले नाहीत. त्यांनी खेळण्यातील प्रक्षेपक आणला, रिळे आणली, पुस्तके मागवली, आणि रात्रंदिवस पाहून व वाचून डोळ्यांची इतकी हानी करून घेतली की दृष्टी जाते की काय अशी अवस्था झाली. विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून ते १ फेब्रुवारी १९१२ रोजी लंडनला निघाले. ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाच्या संपादकांनी त्यांना आधी परावृत्त करण्याचा प्रयत्न केला आणि मग इंग्रज चित्रपट-निर्माते सेसिल हेपवर्थ यांच्या वॉल्टनच्या स्टुडिओशी गाठ घालून दिली. १ एप्रिलला ते परत आले. त्यांनी विल्यमसन कॅमेरा आणि कच्ची फिल्म यांच्या जोडीला फिल्मला छिद्रे पाडण्याचे, ती धुण्याचे आणि छापण्याचे साहित्यही मागवले होते.

माझे म्हणणे असे की फाळक्यांच्या कार्याचे खरे मर्म या शेवटच्या तीन वस्तूंत आहे. पौराणिक विषय तोरण्यांनीही घेतला होता आणि कॅमेरा सावेदादांकडेही होता. विलायतेला जाणारा तो डबा मात्र फाळक्यांनी बंद केला. दादर मेन रोडवरच्या मथुरा भवनात, राहत्या घरात, त्यांनी फिल्म धुतली. जाणकारांनी या मांडणीची परीक्षा करावी.

लाल दिवा

धाग्याबद्दल आभार. मी परळच्या एका फोटो लॅबच्या डार्करूममध्ये सत्तावीस वर्षे काम केले, त्यामुळे ‘फिल्म घरी धुतली’ या चार शब्दांत किती काम दडलेले आहे ते सांगण्याचा मला थोडा अधिकार आहे असे मानतो.

पहिली गोष्ट छिद्रांची. फाळक्यांकडे आलेली कच्ची फिल्म कोरी होती. यंत्रात फिल्म पुढे ओढली जावी म्हणून कडांना लागणारी छिद्रे तिला नव्हती. पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मवर एका फुटात सोळा चौकटी बसतात आणि प्रत्येक चौकटीला एका कडेला चार छिद्रे लागतात. म्हणजे एका कडेला फुटामागे ६४ आणि दोन्ही कडा मिळून १२८ छिद्रे झाली. ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी ३,७०० फूट सांगितली जाते. गुणाकार केला तर ४,७३,६०० छिद्रे होतात. हा आकडा केवळ अंतिम लांबीचा आहे. निगेटिव्हनंतर पॉझिटिव्ह प्रतही छापावी लागते आणि तिलाही तितकीच छिद्रे हवीत. वाया गेलेले चित्रण वेगळेच. यंत्राच्या एका दाबात एकाहून अधिक छिद्रे पडतात हे खरे, पण फिल्म पुढे सरकवायची, दाब द्यायचा, पुन्हा सरकवायची, हे सारे अंधारातच चालते.

अंधार म्हणजे मिट्ट काळोख नव्हे. त्या काळच्या फिल्मला तांबडा रंग दिसत नसे, म्हणून लाल दिव्याच्या मंद उजेडात काम करता येई. याच कारणामुळे त्या चित्रपटांत तांबडी वस्त्रे काळी दिसतात आणि निळे आकाश पांढरे पडते. दागिना, वस्त्र किंवा रंगवलेला पडदा फिल्मवर कसा उतरेल याचा हिशेब फाळक्यांना प्रत्येक वेळी मनात करावा लागला असणार, आणि चित्रकार व छायाचित्रकार ही दोन्ही शिक्षणे ज्याच्या अंगात मुरलेली आहेत त्यालाच तो जमतो.

दुसरी गोष्ट मुंबईच्या हवेची. फिल्मवरचा थर जिलेटिनचा असतो. डेव्हलपर, म्हणजे चित्र उमटवणारे रसायन, साधारण वीस अंश सेल्सिअसला नीट काम करतो. पाणी पंचवीसच्या वर गेले की जिलेटिन फुगते, मऊ पडते, आणि बोट लागले तरी निघून येते. आमच्या लॅबमध्ये एप्रिल-मे महिन्यांत वातानुकूलन बिघडले की आम्ही काम थांबवत असू. १९१३ च्या एप्रिलमध्ये दादरच्या घरात, हायपो, म्हणजे चित्र पक्के करणारे रसायन, धुऊन काढायला लागणारे भरपूर पाणी भरून ठेवून, ओली फिल्म धुळीपासून जपत वाळवणे म्हणजे काय असेल, ते ज्याने हे काम केले आहे त्यालाच कळेल. शिवाय ती फिल्म नायट्रेटची होती, म्हणजे ठिणगी पडली तर भडकणारी, आणि त्याच घरात चुलीही पेटत होत्या.

वनस्पतीच्या वाढीवरची त्यांची छोटी फिल्मही या दृष्टीने पाहावी. कुंडीत दाणा पेरून, ठरलेल्या अंतराने एकेक चौकट टिपून, अंकुराचा वेल होताना त्यांनी दाखवला. पैसा लावणाऱ्यांना विश्वास वाटावा म्हणून ती केली असे सांगतात आणि ते खरेच आहे. पण मला ती त्यांच्या अंधारखोलीची परीक्षाही वाटते. निरनिराळ्या दिवशी टिपलेल्या चौकटींचा उजेड एकसारखा येणे ही फार कठीण गोष्ट आहे.

तळटीप

मुगभाटकर यांची मांडणी आकर्षक आहे, परंतु तिच्या दोन बाजूंविषयी मला शंका आहे.

पहिली अशी की डबा पूर्णपणे बंद झालाच नव्हता. फक्त त्याची दिशा बदलली होती. पूर्वी टिपलेली फिल्म विलायतेला जात असे, आता कोरी फिल्म विलायतेहून येत होती. कॅमेरा विलायती, यंत्रे विलायती, रसायनेही बहुतेक विलायती. परतंत्र देशातील उद्योजकाची ही अटळ स्थिती होती आणि कापडाच्या गिरण्यांनाही यंत्रे लँकेशायरहूनच आणावी लागली होती. फाळक्यांच्या कार्याला स्वदेशी म्हणताना ही मर्यादा आपण स्पष्टपणे लिहिली पाहिजे, नाहीतर त्यांचा गौरव होईल पण त्यांची अडचण समजणार नाही. पहिल्या महायुद्धात ही अडचण उघडी पडली. कच्चा माल दुर्मीळ झाला, सावकारांनी हात आखडला, आणि लंडनमध्ये आपले चित्रपट दाखवून १९१४ मध्ये परतलेल्या फाळक्यांना काही काळ लहान लहान फिल्मांवर गुजराण करावी लागली. जी अंधारखोली त्यांनी उभी केली होती तिच्यात धुवायला फिल्मच उरली नव्हती.

दुसरी शंका तोरण्यांविषयी. ‘पुंडलीक’ला पहिलेपणाचा मान नाकारताना तीन कारणे नेहमी दिली जातात: ते नाटकाचे चित्रण होते, कॅमेरा इंग्रजाने चालवला, आणि फिल्म लंडनला धुतली. यांतले तिसरे कारण मला अन्यायाचे वाटते. मुंबईत धुण्याची सोय नसताना ती बाहेर पाठवणे हा कोणाचा दोष ठरू शकत नाही. तीच गोष्ट सावेदादांनी केली आणि त्यांना आपण आद्य चित्रणकार म्हणून गौरवतो. तोरणे पुढे बोलपटाच्या काळात पुण्याला ‘सरस्वती सिनेटोन’ उभारून यशस्वी निर्माते झाले. तांत्रिक कुवत त्यांच्याकडेही होती. १९१२ मध्ये साधने नव्हती एवढेच.

मुगभाटकर

तळटीप, आपला पहिला मुद्दा मी पूर्णपणे मान्य करतो आणि माझे वाक्य सुधारतो. फाळक्यांनी परावलंबन संपवले असे न म्हणता त्याच्या साखळीतील सर्वांत महत्त्वाचा दुवा त्यांनी इथे आणला, असे म्हणणे योग्य होईल. महत्त्वाचा अशासाठी की कोरी फिल्म बाहेरून आली तरी तिच्यावर काय उमटले ते पाहून उद्याचे काम बदलण्याची मुभा आता इथल्या माणसाच्या हाती आली. चूक करून ती लगेच सुधारता येणे, हेच मला खरे शिक्षण वाटते. सावेदादांना आणि तोरण्यांना ही संधीच मिळाली नाही, आणि म्हणून त्यांच्या बाबतीत आपले दुसरे म्हणणेही न्याय्य आहे.

माजघर

वरील सर्व प्रतिसादांत अंधारखोलीचा उल्लेख वारंवार आला, परंतु त्या खोलीत बसले कोण होते हे अजून कोणीच लिहिलेले नाही.

सरस्वतीबाई फाळके, माहेरच्या गिरिजा करंदीकर, १९०२ मध्ये विवाह होऊन या घरात आल्या. कॅमेऱ्यासाठी पैसे कमी पडले तेव्हा त्यांचे दागिने गहाण पडले, एवढे आपण वाचतो आणि पुढे जातो, कारण दागिने देणारी पत्नी ही आपल्या ओळखीची प्रतिमा आहे. त्यांनी केलेले काम मात्र ओळखीचे नव्हते. फिल्मला छिद्रे पाडणे, रसायने कालवणे, फिल्म धुणे, चित्रणाच्या वेळी उन्हाचा उजेड परावर्तित करण्यासाठी पांढरी चादर धरून तासन्‌तास उभे राहणे, आणि हे सगळे साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक सांभाळून. लाल दिवा यांनी मांडलेला पावणेपाच लाख छिद्रांचा हिशेब वाचून मी बराच वेळ थांबले. त्या हिशेबाच्या मागचा हात बहुतांशी या बाईंचा होता.

चित्रगृहात पाटी लागली ती ‘फाळके’ या एका नावाची. दादासाहेब फाळक्यांवर दोष ठेवण्यासाठी मी हे लिहीत नाही. बायकोला अंधारखोलीत बसवून यंत्र आणि रसायन शिकवणारा नवरा १९१२ च्या दादरमध्ये विरळाच असणार. परंतु ज्या काळात ब्राह्मण घरातल्या स्त्रीने वर्तमानपत्र वाचले तरी माजघरात कुजबुज होत असे, त्या काळात हायपोचा वास असलेल्या हातांनी ती स्त्री पंगत वाढत होती, हे चित्र मला ‘राजा हरिश्चंद्र’मधल्या कोणत्याही दृश्याइतकेच महत्त्वाचे वाटते.

याच घराची दुसरी बाजूही पाहावी. तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळेना. जाहिराती देऊन झाल्या, वेश्यावस्तीतल्या स्त्रियांनाही विचारून झाले, आणि त्यांनीही नकार दिला. अखेर ग्रँट रोडवरच्या एका उपाहारगृहात स्वयंपाक करणारा अण्णा साळुंके हा तरुण मिळाला. तिथे त्याला दहा रुपये पगार होता, फाळक्यांनी पंधरा देऊ केले. पुढे १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये त्यानेच राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. हरिश्चंद्र झाले दत्तात्रय दामोदर दाबके, आणि रोहिदास झाला फाळक्यांचाच मुलगा भालचंद्र. दुसऱ्याच चित्रपटात, ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये, दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई या मायलेकी कॅमेऱ्यासमोर आल्या. म्हणजे पडद्यासमोर स्त्री नको म्हणणाऱ्या समाजात पडद्यामागे एक स्त्री आधीच उभी होती आणि तिच्या कामाला हरकत घ्यायला कोणी आले नाही, कारण ते कोणाला दिसत नव्हते.

दादर पूर्व

माजघर यांच्या प्रतिसादानंतर मुद्दाम लिहीत आहे. आमचे घर दादासाहेब फाळके मार्गाजवळ, म्हणजे जुन्या दादर मेन रोडजवळ आहे. या रस्त्याने पुढे रणजित स्टुडिओसारखी मोठी नावेही पाहिली. आज इथे उभे राहून १९१२ चे दादर कल्पनेत आणणे कठीण जाते. प्लेगनंतर स्थापन झालेल्या सुधार ट्रस्टने दादर-माटुंग्याच्या वसाहती आखायला घेतल्या होत्या, पण बराचसा भाग अजून मोकळाच होता. फाळके गिरगावातून इकडे आले यामागे मला उजेडाचे कारण दिसते. कृत्रिम प्रकाशाची साधने जवळ नसताना त्यांना दिवसभर मोकळे ऊन आणि देखावे उभे करायला अंगण हवे होते. चाळींच्या दाटीत ते मिळणे शक्य नव्हते. दिवसा अंगणातले ऊन आणि रात्री आतला अंधार, असे दोन्ही एकाच वास्तूत हवे होते. बाह्यचित्रण मात्र वांगणीला झाले.

नवा सभासद

चर्चा वाचून खूप शिकायला मिळाले. एक विचारायचे आहे. त्या काळच्या सामान्य मुंबईकराला या तांत्रिक गोष्टींची काही जाणीव होती का, की त्याच्यासाठी ती केवळ देवादिकांची जादू होती?

लाल दिवा

जाहिरातींवरून पाहिले तर जाणीव होती, निदान फाळक्यांना ती करून द्यायची होती. मुंबईत चित्रपट २३ दिवस चालला, पण सुरतेला पहिल्या दिवशी अवघे तीन रुपये जमले. लोकांना रात्रभर चालणारी नाटके पाहायची सवय होती. दीड-दोन तासांपेक्षाही कमी वेळाच्या खेळाला पैसे का द्यावेत, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. तेव्हा फाळक्यांनी जाहिरात केली की सत्तावन्न हजार छायाचित्रांचा हा खेळ आहे, चित्राची लांबी दोन मैल आहे, आणि हे सर्व फक्त तीन आण्यांत. त्यातील दोन मैलांचा आकडा फुगवलेला आहे, कारण ३,७०० फूट म्हणजे पाऊण मैलही होत नाही. छायाचित्रांचा आकडा मात्र जवळजवळ बरोबर आहे: ३,७०० फुटांना सोळाने गुणले तर ५९,२०० येतात. म्हणजे प्रेक्षकाला हरिश्चंद्राची कथा सांगण्याऐवजी, जी त्याला पाठच होती, त्यांनी त्याला चौकटी मोजून दाखवल्या.

१९१७ मध्ये चित्रपट कसे तयार होतात हे दाखवणारी एक वेगळी फिल्मही त्यांनी काढली आणि तिच्यात ते स्वतः काम करताना दिसतात. आपला कारखाना लोकांना उघडून दाखवण्याची ही हौस मला फार आवडते. आमच्या धंद्यात माणसे आपले डेव्हलपरचे प्रमाण सख्ख्या भावालाही सांगत नसत.

तळटीप

लाल दिवा यांच्या या शेवटच्या वाक्याला जोडून एक गोष्ट नोंदवतो, कारण साखळीचा पुढचा दुवा मुंबईबाहेर जोडला गेला. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर आणि त्यांचे नात्यातले भाऊ आनंदराव यांनी चित्रीकरणाचा कॅमेरा स्वतःच बनवण्याचा ध्यास घेतला. आनंदराव मध्येच निवर्तले, आणि बाबूरावांनी आपले सहकारी विष्णुपंत दामले यांच्या साह्याने १९१८ मध्ये तो कॅमेरा पुरा केला. १९२० चा ‘सैरंध्री’ त्यांच्या ‘महाराष्ट्र फिल्म कंपनी’चा. म्हणजे आठ वर्षांच्या आत धुलाई इथे आली आणि कॅमेराही इथे घडला. कच्ची फिल्म मात्र देशात तयार व्हायला स्वातंत्र्यानंतरही बराच काळ जावा लागला. उटकमंडच्या सरकारी कारखान्याची स्थापनाच १९६० ची आहे. म्हणून मी आरंभी त्या मर्यादेचा आग्रह धरला होता.

माजघर

मुगभाटकर, एक राहून गेले. इतक्या कष्टाने उभा केलेला हा संसार फाळक्यांनी स्वतःच मध्ये का सोडला? ‘कालिया मर्दन’मध्ये त्यांच्या लहानग्या मंदाकिनीने कृष्ण केला, चित्रपट लोकप्रिय झाला, आणि लगेच दादासाहेब काशीला निघून गेले. मुले लहान, घरात एवढी माणसे. सरस्वतीबाईंना त्या निर्णयाचे काय वाटले असेल, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही.

मुगभाटकर

आपल्या प्रश्नाचे उत्तर मी माझ्या समजुतीप्रमाणे देतो. १९१८ मध्ये नाशिकला ‘हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी’ स्थापन झाली आणि फाळके तिचे एक भागीदार झाले. वामन श्रीधर आपटे आणि इतर भागीदारांनी भांडवल आणले, ‘श्रीकृष्ण जन्म’ आणि ‘कालिया मर्दन’ गाजले, धंद्याला स्थैर्य आले. पण जो माणूस छिद्रापासून जाहिरातीपर्यंत प्रत्येक काम आपल्या आणि आपल्या घरच्या हातांनी करत आला, त्याला खर्चाचा हिशेब विचारणारे भागीदार मानवले नाहीत. छापखान्यात जे घडले होते तेच पुन्हा घडले. भागीदारांची बाजू मला चुकीची वाटत नाही. पैसा त्यांचा होता आणि हिशेब मागणे हा त्यांचा हक्क होता. फाळक्यांची बाजूही मला समजते. मात्र त्यांच्या या स्वभावाची किंमत घराने मोजली, आणि आपण म्हणता ते खरे आहे की ती सर्वांत जास्त सरस्वतीबाईंनी मोजली असणार.

काशीला त्यांनी ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिले, ते चालले नाही. काही वर्षांनी ते कंपनीत परतले, चित्रपट काढत राहिले, पण तोवर लोकांची आवड पालटली होती. ‘सेतुबंधन’ हा मूकपट पुरा होईपर्यंत बोलपट येऊन ठेपले, त्याला मागाहून आवाज जोडावा लागला. त्यानंतर १९३७ मध्ये कोल्हापूर सिनेटोनसाठी केलेला ‘गंगावतरण’ हा त्यांचा एकमेव खरा बोलपट, आणि तोच शेवटचा. तेव्हा ते सदुसष्ट वर्षांचे होते. आवाजाचे यंत्र आल्यावर चित्रपट घरात धुण्याचे दिवस संपले. अंगण आणि अंधारखोली यांनी काम भागेनासे झाले. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला त्यांचे निधन झाले.

दादर पूर्व

मुगभाटकर, हे वाचून मन जड झाले. लाल दिवा यांना माझा एक शेवटचा प्रश्न आहे. लाल दिव्याच्या अंधूक उजेडात पाडलेली छिद्रे बरोबर पडली आहेत की नाहीत, हे सरस्वतीबाईंना कळत कसे असेल?

लाल दिवा

बोटांना कळते, आणि तेही थोडेसेच. छिद्रांमधील अंतर केसभर चुकले तर पडद्यावर चित्र थरथरते, पण ते चुकले आहे याची खात्री फिल्म धुऊन, वाळवून, उजेडात धरेपर्यंत होत नाही. घरातच धुलाई असल्यामुळे फाळक्यांच्या घरी ती खात्री एक-दोन दिवसांत होऊ शके आणि पुढची फिल्म जपून कापता येई. सावेदादांच्या कुस्तीत काही चुकले असते, तर ते त्यांना लंडनहून बोट परत आल्यावरच कळले असते, आणि तोवर पैलवान आपापल्या गावी गेलेले असते.